शब्दचर्चा: 'लॅमिनेटेड' दस्ता आणि 'सॉलिड' दस्ता, मराठीत काय म्हणायचं?

रायफलींवरचा एक लेख मराठीत करतोय, त्यात सारखी लॅमिनेटेड वुड स्टॉक आणि सॉलिड वुड स्टॉक अशी तुलना येते. मशीनला टाकून पाहिलं तर 'लॅमिनेटेड लाकडाचा साठा' आणि 'घन लाकडाचा साठा' आलं, लाकडाच्या वखारीचा हिशोब चाललाय असं वाटतं. स्टॉकला दस्ता म्हणतात एवढं माहितीये. पण सॉलिडला 'भरीव' चालेल का? आणि लॅमिनेटेड तसंच ठेवू का?

प्रतिसाद

दस्ता बरोबर. कुंदा पण आहे. दोन्ही फारसीतले, दस्त म्हणजे हात त्यावरून दस्ता, आणि कुंदा म्हणजे लाकडाचा ओंडका-ठोकळा. फक्त एक बघा, 'बंदुकीच्या दस्त्याने मारलं' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर खांद्याला टेकतो तो मागचा भागच येतो. तुमच्या लेखात बहुतेक नळीखाली पुढपर्यंत जाणारं अख्खं लाकूड अभिप्रेत असणार, ते सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाका म्हणजे पुढे घोळ नाही.

प्रतिसाद

'भरीव' अजिबात नको. भरीव हे पोकळच्या विरुद्ध, आणि लॅमिनेटेड दस्ता काही पोकळ नसतो, तोही भरीवच, उलट हातात घेतला तर जास्त जड लागतो कारण थरांमध्ये दाबून भरलेलं रेझिन (चिकटवायचा राळेसारखा पदार्थ) असतं. मुद्दा आत पोकळ आहे की नाही हा नाहीचे, लाकूड एकाच ओंडक्यातून कोरलंय की लाकडाचे पातळ पत्रे चिकटवून केलेल्या ठोकळ्यातून, हा आहे. म्हणून मी 'अखंड लाकडाचा दस्ता' म्हणेन.

लॅमिनेटेड तसंच ठेवलं तर दुसरी पंचाईत. आपल्याकडे लॅमिनेशन म्हणजे ओळखपत्राला प्लास्टिक चढवणं, आणि फर्निचरवाल्याचं लॅमिनेट म्हणजे सनमायका, दोन्ही वरून चिकटवायच्या गोष्टी. वाचकाला वाटेल आत साधं लाकूड आणि वर चकचकीत थर. इथे थर आरपार असतात. साधारण दीड मिलिमीटर जाडीचे बर्चचे किंवा बीचचे (झाड, समुद्रकिनारा नव्हे) पत्रे रेझिन लावून, दाबाखाली गरम करून एकजीव करतात आणि मग त्या ठोकळ्यातून दस्ता कोरतात. कोरताना जिथे वळण येतं तिथे थर तिरपे कापले जातात, त्यामुळे मुठीपाशी आणि गाल टेकतो तिथे एकात एक लंबगोल पट्टे उमटतात. पत्रे आधीच वेगवेगळ्या रंगात बुडवलेले असले तर ते लांबूनही ओळखू येतं. काहींना ते फार आवडतं, मला मात्र भडकच वाटतं, अक्रोडाच्या रेषांची सर त्याला नाही.

पण दिसणं बाजूला ठेवा, फरक कामात आहे. लाकूड दमट हवेत फुगतं नि कोरड्या हवेत आकसतं, पण सगळ्या दिशांना सारखं नाही. अमेरिकन काळा अक्रोड ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ७.८ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे ५.५ टक्के, आणि लांबीत जवळजवळ काहीच नाही. तुकड्यात रेषा जरा तिरप्या असल्या की अशा असमान फुगण्याने दस्ता किंचित वाकतो किंवा पिळतो. नळीखालचा पुढचा भाग पिळून नळीला एका बाजूने दाबायला लागला की नेम सरकतो, आणि माणूस दुर्बिणीला दोष देत बसतो. थरांच्या ठोकळ्यात प्रत्येक पत्र्याचा स्वभाव थोडा वेगळा, सगळे मिळून एकाच बाजूला ओढत नाहीत, वर रेझिनमुळे ओलावाही हळू आत जातो. म्हणून तो जागचा हलत नाही. म्हणजे अगदी हलतच नाही असं नाही हां, कापलेल्या टोकांना आणि आतल्या खाचेला फिनिश लावलं नाही तर तोही पाणी पिणारच.

दुसरं, अखंड दस्ता मोडतो तो बहुतेक मुठीच्या मागे, जिथे लाकूड सगळ्यात बारीक आणि रेषा तिरकी जाऊन बाहेर पडते. चांगला कारागीर ठोकळा निवडताना तिथली रेषा सरळ आहे ना हे आधी बघतो आणि शोभेची नक्षी मागच्या भागात येऊ देतो. थरांच्या दस्त्यात एखाद्या पत्र्यात दोष असला तरी शेजारचे सांभाळून घेतात.

प्रतिसाद

मग सरळ प्लायवुड म्हणा की!

प्रतिसाद

प्लायवुडमध्ये एकाआड एक पत्रा आडवा-उभा असतो, म्हणून फळी दोन्ही दिशांना सारखी टिकते. दस्त्याच्या ठोकळ्यात पत्र्यांच्या रेषा मुख्यतः लांबीच्याच दिशेने ठेवतात, कारण जोर लांबीत हवा असतो. अर्थात बोलताना सोव्हिएत रायफलींच्या दस्त्यांना सर्रास प्लायवुड म्हटलं जातं. सुरुवातीच्या एके-४७ ला अखंड बर्चचा दस्ता होता, १९५९ च्या एकेएमला (एके-४७ चीच सुधारित आवृत्ती) बर्चच्या थरांचा आला.

त्याच्याही आधी जर्मनांनी हे केलं. कार ९८के ही माउझर रायफल १९३५ ची, सुरुवातीला अक्रोडाचे दस्ते, मग तीसच्या दशकाच्या शेवटाकडे बीचच्या थरांचे यायला लागले आणि युद्धात तेच जास्त झाले. अक्रोड मुरायला वेळ लागतो, हवेवर वाळवायचं तर इंचभर जाडीला साधारण वर्ष असा ठोकताळा आहे, आणि दस्त्याचा ठोकळा दोन इंचांच्या वरच असतो. पातळ पत्रा त्यामानाने लगेच वाळतो. लाखो रायफली हव्या असताना कोण थांबणार? म्हणजे थरांचा दस्ता हा घाईतून आला आणि निघाला मजबूत. आज मात्र लोक 'स्वस्तातला' म्हणून नाक मुरडतात, ते मला पटत नाही. कोरणाऱ्याला विचारा, मेहनत उलट जास्तच, रेझिनमुळे कानस आणि पटाशीची धार भराभर जाते, मुठीवरच्या चौकड्या कापताना कडा टवके होऊन उडतात.

प्रतिसाद

'पापुद्र्यांचा दस्ता' छान वाटेल का? ऐकायला गोड आहे.

प्रतिसाद

नको, पापुद्रा सुटतो. भिंतीचा, चपातीचा, ओठांचा, कुठलाही घ्या, सुटण्यासाठीच असतो तो, आणि इथे तर न सुटण्याची हमी द्यायचीये. 'थरांचा' किंवा 'थर-जोड' बरं. जाता जाता, कागदाचाही दस्ता असतो, २४ तावांचा. थरांचा दस्ता म्हटलं की जुन्या स्टेशनरीवाल्याला तोच आठवेल.

प्रतिसाद

धन्यवाद सगळ्यांना. पहिल्यांदा येईल तिथे 'थर चिकटवून केलेल्या (लॅमिनेटेड) लाकडाचा दस्ता' असं सविस्तर लिहितो, पुढे नुसतं 'थरांचा दस्ता' आणि 'अखंड दस्ता'. आता बेडिंग राहिलं. 'बिछाना' आलंय मशीनकडून.

प्रतिसाद

ते बेडिंगच ठेवा. रायफलचा धातूचा भाग लाकडात घट्ट आणि सगळीकडे सारखा टेकावा म्हणून खाचेत इपॉक्सी भरून बसवतात, हे एकदा कंसात सांगितलं की झालं. फारच मराठी हवं असेल तर 'बैठक' बघा, यंत्र पायावर नीट बसलं की 'बैठक चांगली आहे' म्हणतातच. आणि हो, थरांच्या दस्त्यालाही बैठक करावी लागते, तो वाकत नाही म्हणून ती टाळता येते असं लेखात लिहिलं असेल तर तिथे टीप टाका.