कोयना कराडला उलट्या बाजूने कशी येते?

नकाशेवेडा:
परवा कराडच्या प्रीतिसंगमावर उभा होतो. कृष्णा आणि कोयना दोन्ही महाबळेश्वरच्याच. मग कृष्णा उत्तरेकडून येते आणि कोयना थेट तिच्या समोरून, हे कसं? एकाच घरून निघालेल्या दोघी एकमेकींना सामोऱ्या कशा येतात? मोबाइलवर नकाशा मोठा करून बघितला, पण हेळवाकला ती एकदम काटकोनात का वळते ते काही कळेना.

घाटवाट:
मध्ये डोंगर आहे, दुसरं काय!

पाटणची लेक:
डोंगर आहे हे खरंच, पण कुठला ते सांगते. माझं माहेर पाटण.

महाबळेश्वरहून निघालेली कोयना साधारण ६५ किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार, पूर्वेला बामणोलीची रांग, मधल्या चिंचोळ्या खोऱ्यात ही. कोकण हाकेच्या अंतरावर, पण तिकडे उतरायला वाट नाही. सोळशी आणि कांदाटी तिला वरच मिळतात. तो भाग आता कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात आहे, म्हणून तापोळ्याला संगम म्हणून नुसतं तळंच दिसतं. बामणोली रांगेच्या पलीकडच्या उतारावरची उरमोडी, तारळी मात्र परस्पर कृष्णेला जातात.

कोयनानगरचं धरण ओलांडलं की लगेच हेळवाक. तिथं ती पूर्वेला वळते आणि खोरं हळूहळू रुंदावतं. उत्तर-दक्षिण सरळ धावेमागे बेसाल्टमधल्या भेगा असाव्यात असं भूवैज्ञानिक मानतात. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आमच्याकडे अजून तारखेनिशी सांगतात.

पाटणला केरा मिळते. धरणातून जास्त पाणी सोडलेलं नसेल आणि वर पाऊस झाला असेल, तर पुलावर थांबून बघा: केरेचं तांबडं पाणी एका कडेनं आणि कोयनेचं निवळ पाणी दुसऱ्या कडेनं, बराच वेळ मिसळत नाही. लहानपणी आम्ही त्या दोन रंगांवर पैज लावायचो, कोण आधी हरतंय म्हणून. केराच जिंकायची. पुढे मोरणाही येते.

कराडजवळ कोयना उत्तरेकडे तोंड करते, म्हणून तुम्हाला ती समोरून आलेली दिसली. मग दोघी मिळून पूर्वेला.

घाटवाट:
ताई, एक राहिलं. सगळी कोयना कराडला पोचतच नाही! जलाशयाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), आणि कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेला वळवायची मुभा दिली. ते पाणी बोगद्यांतून पोफळीच्या बाजूला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्राला.

पाटणची लेक:
खरंय भाऊ. कोकणाची वाट तिला नव्हती म्हटलं मी, ती आपण पाडून दिली.

नकाशेवेडा:
म्हणजे एकाच नदीचं पाणी दोन समुद्रांना! पावसाळ्यात पाटणच्या पुलावर येतोच. तांबडं कुठल्या कडेला असतं, तेवढं सांगून ठेवा.