चाळिशी-पन्नाशीतला थकवा: 'वय झालं' हे उत्तर आता पुरे झालं!

टेकडीकर_कोथरूड:
पंचेचाळिशी ओलांडली की पुरुषाच्या प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर: 'वय झालं.' जेवलं की डोळे मिटतात, पोट सुटलंय, रात्री उठून लघवीला जावं लागतं, चिडचिड वाढलीय, कामेच्छा मंदावलीय. माझं ठाम मत आहे की यातलं बरंचसं वयाचं नाही, बिघडलेल्या चयापचयाचं आहे. पुणेकरांना तर हे कळायलाच हवं. अंगाने बारीक पण आतून चरबी साठलेला भारतीय, ही गोष्ट जगासमोर ठासून मांडली ती इथल्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! वजनकाट्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी कंबर मोजा. आपल्या पुरुषांसाठी ती ९० सेंटिमीटरच्या आत हवी. पँटचं माप सांगू नका, पँट पोटाखाली बांधलेली असते.

शनिवारपेठी:
नाही पटत. चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरतं, स्नायू झिजतात, झोप सावध होते. याला म्हातारपणाकडे जाणं म्हणतात, आजार नव्हे. धडधाकट माणसाला पेशंट करायचा उद्योग चाललाय. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ढीगभर चाचण्या करा, एखादा आकडा इकडेतिकडे निघणारच, आणि मग माणूस काळजीनेच झोप घालवतो.

टेकडीकर_कोथरूड:
पॅकेज करा असं मी म्हटलेलंच नाही. पाच गोष्टी बघा: कंबर ९० च्या वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. यातल्या तीन जुळल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे बिघडलेलं चयापचय. आणि टेस्टोस्टेरॉन नुसतं वयाने उतरत नाही. पोटावरची चरबीही ते खाली खेचते, वजन उतरलं की ते पुन्हा वर येतं. वय काही उलटं फिरत नाही!

औंध_४९:
मग सरळ टेस्टोस्टेरॉनच घेतलं तर? ऑफिसात एकाने जेल सुरू केलंय, एकदम तरतरीत झालाय.

दवाखाना_सिंहगड_रोड:
कृपा करून असं परस्पर घेऊ नका. ही तपासणी सकाळी, शक्यतो उपाशीपोटी आणि दोन वेगळ्या दिवशी करावी लागते. युरोपात ४० ते ७९ वयाच्या पुरुषांच्या मोठ्या अभ्यासात (२०१०) लक्षणं आणि कमतरता दोन्ही खरोखर असलेले सुमारे २ टक्केच निघाले. बाहेरून घेतलं की शुक्राणू घटतात, रक्त दाट होऊ शकतं. आधी थायरॉइड आणि बी१२ जीवनसत्त्व बघा. शाकाहारी असाल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर बी१२ नक्कीच. रात्रीच्या लघवीचं खापरही दर वेळी प्रोस्टेटवर फोडू नका, वाढलेली साखर किंवा स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं) असू शकतो.

हिंजवडी_शटल:
सकाळी साडेसातला कंपनीची बस, घरी यायला रात्रीचे नऊ. व्यायामाला टेकडी कधी चढायची? 'आळशी' म्हणायच्या आधी आमचे कामाचे तास आणि वाकडचा ट्रॅफिक बघा.

टेकडीकर_कोथरूड:
तुमचा राग रास्त आहे. कंपन्यांनी याचा विचार करायलाच हवा. तोवर जेवणानंतर दहा मिनिटं चाला, आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूच शोषतात. आणि सकाळी पोहे, दुपारी पोळी-भात, संध्याकाळी पुन्हा उपमा, असं चालू असेल तर उसळ, दही, अंडी यांना ताटात जागा द्या. तळजाई टेकडीला फेरी मारून खाली वडापाव खाणाऱ्यांना हे विशेष सांगणं.

बाणेरहून_मीनल:
माझा नवरा बावन्न वर्षांचा. भयंकर घोरतो, मध्येच श्वास थांबतो, मग दचकून उठतो. दिवसा गाडी चालवताना पेंगतो. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणतो, 'वय झालं.' शनिवारपेठी, तुम्हीच सांगा, काय करू?

शनिवारपेठी:
ताई, हे वय नाही. या आठवड्यातच त्यांना घेऊन जा, आणि तोवर लांबच्या प्रवासाला गाडी त्यांच्या हाती देऊ नका. माझा आक्षेप वेगळा आहे. पंचाहत्तरीतल्या, रोज पर्वती चढणाऱ्या माणसाला एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.८ आलं म्हणून प्रीडायबेटिक, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा, ठरवून त्याचा आंबा बंद करतात. त्याला का घाबरवायचं, याचं उत्तर टेकडीकरांनी अजून दिलेलं नाही.