बेळगावहून स्वतःच्या गाडीने पोखरा-मुक्तिनाथ: कागद, रस्ता आणि गाडीची तयारी

टिळकवाडीकर
दिवाळी आटोपली की गाडीने नेपाळला जायचा बेत आहे. सोनौलीच्या सीमेवरून आत, मग पोखरा आणि जमलं तर मुक्तिनाथ. आम्ही दोघं, आई (वय ६८) आणि मुलगा (वय १६). गाडी २०२१ची १.५ डिझेल, केए-२२ पासिंग, पण आरसी मोठ्या भावाच्या नावावर आणि बँकेचं कर्ज अजून चालू. भाऊ सोबत नाही. हातात १६ दिवस आहेत. पासपोर्ट फक्त माझा. विचारायचं ते असं: कागद काय काय लागतील, कुठल्या रस्त्याने जावं, आणि चोर्ला-आंबोलीची सवय तिकडच्या घाटाला पुरते का?

शहापूरकर
आधी माणसांचे कागद. भारतीयांना व्हिसा नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार सरसकट चालत नाही. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांनाच ती सवलत, म्हणून आईंचं काम आधारवर होईल. अडचण मुलाची. १५ ते १८ वयाला पासपोर्ट नसेल तर शाळा-कॉलेजच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळख प्रमाणपत्र लागतं. सुट्टी लागायच्या आत घ्या, नंतर ऑफिसात कोण भेटणार? वैनींचं मतदार कार्ड आजच काढून बघा. आपल्याकडच्या कार्डावर नाव कन्नड आणि इंग्रजीत असतं, आणि कन्नडवरून इंग्रजी करताना आडनावाचं स्पेलिंग बदललेलं पुष्कळदा सापडतं. लायसन्सवर एक आणि कार्डावर दुसरं असेल तर नमुना ८ भरून दुरुस्त करून घ्या. त्याला वेळ लागतो.

आता गाडी. आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी, सगळं मूळ आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. डिजिलॉकर सीमेपलीकडे उपयोगाचं नाही. भावाकडून इंग्रजीत अधिकारपत्र घ्या: गाडीचा नंबर, इंजिन-चासी नंबर, तुमचं नाव, तारखा. नोटरी करा आणि त्यांच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत जोडा. कर्ज आहे तर बँकेचं ना-हरकत पत्रही ठेवा. कुणी मागेलच असं नाही, पण मागितलं आणि नसलं तर तिथून बेळगावच्या शाखेला फोन करत बसावं लागेल.

लोक सर्वांत जास्त विसरतात ते विम्याचं. आपली पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळसाठी भौगोलिक क्षेत्रवाढीचं एंडोर्समेंट, म्हणजे आयएमटी-१, वेगळं घ्यावं लागतं. मोटार टॅरिफप्रमाणे पॅकेज पॉलिसीला त्याचे ५०० रुपये. ऑनलाइन पॉलिसीत बहुतेक ठिकाणी हे बटण सापडत नाही, शाखेत अर्ज द्यावा लागतो. ते न घेता पलीकडे काही झालं तर दावा बसत नाही.

सोनौली ओलांडली की बेलहिया, म्हणजे नेपाळकडचं नाकं. तिथे भन्सार म्हणजे कस्टमची पावती करायची. फी दिवसावर असते आणि आत जायचा दिवस, बाहेर पडायचा दिवस दोन्ही धरतात. घाटात दरड पडली तर अडकाल, म्हणून दोन दिवस जास्तीचे भरून सोडा. मुदत संपून गाडी आत राहिली तर दंड आहे. वर्षाकाठी एका गाडीला एकूण ३० दिवसांचीच मुभा. पावतीवरची तारीख विक्रम संवताची असते, तेव्हा खिडकीवरच इंग्रजी तारीख विचारून मागे लिहून घ्या. बाहेर "मी करून देतो" म्हणणारे भेटतील. त्यांच्याकडे कागद देऊ नका.

निपाणी_घाटवाट
रस्ता सांगतो. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर, नांदेड (पहिला मुक्काम). नांदेड, यवतमाळ, वर्धा, नागपूर, सिवनी, जबलपूर (दुसरा). जबलपूर, कटनी, रिवा, प्रयागराज, वाराणसी (तिसरा). तिथून गोरखपूर, सोनौली. साधारण १,९०० किलोमीटर. रिवा ते प्रयागराजमध्ये सोहागीचा उतार आहे, तिथे ट्रक ब्रेक सुटून येतात. तो दिवसाउजेडी उतरा. आणि आपल्याच दारात एक धोका: नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की निपाणी-चिकोडी पट्ट्यात बिनदिव्याच्या ऊस-ट्रॉल्या असतात, तेव्हा पहाटे अंधारात निघायची घाई नको. १ नोव्हेंबर टाळा, शहरात बंदोबस्त असतो.

भैरहवा-बुटवल-पाल्पा-पोखरा या सिद्धार्थ महामार्गाने जा. अंतर १८० किलोमीटरच्या आसपास, पण दिवस धरा. बुटवल सोडताच सिद्धबाबाचा टप्पा आहे, तिथे वरून दगड येतात. बोगद्याचं काम त्यासाठीच काढलंय. पाऊस चालू असेल तर बुटवलला थांबा. नारायणगढ-मुग्लिंगकडून पृथ्वी महामार्गाने लांब पडतं आणि त्रिशूलीकाठी दरडीचा त्रास आहेच. जुलै २०२४ मध्ये सिमलताल इथे दोन बस दरडीबरोबर नदीत गेल्या, तो हाच पट्टा.

चोर्ला-आंबोलीची सवय वळणांपुरती पुरते. तिकडे फरक उताराच्या लांबीत आणि रस्ता अर्धा वाहून गेल्यावर समोरून बस येते त्यात. पोखरा ते बेनी डांबरी, फार कष्ट नाहीत. बेनीच्या पुढे तातोपानी ते घासा हा खरा टप्पा: रुप्से धबधब्याजवळ खडी, चिखल, रस्त्यावरून वाहतं पाणी. जोमसोमला सकाळी अकराच्या पुढे दरीतून वारा सुटतो आणि धुळीने समोरचं दिसत नाही, म्हणून तो पट्टा सकाळीच संपवा. अन्नपूर्णा क्षेत्राचा परवाना पोखऱ्यातच काढा, सार्क नागरिकांना १,००० नेपाळी रुपये.

पैसे: १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा दर बांधलेला आहे. भारतीय नोटा शंभराच्या घ्या. २०२४ पासून क्यूआरवर यूपीआय चालतं, पण बेनीच्या वर नेटचा भरवसा धरू नका. तिकडचं सिम भैरहव्यातच घ्या.

उद्यमबागचा मेस्त्री
निघण्याच्या पंधरा दिवस आधी काम करा, आदल्या दिवशी नको. नवीन बसवलेलं बिघडायचं ते आपल्याच ओळखीच्या गॅरेजजवळ बिघडू दे.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर पूर्ण बदला, नुसतं टॉप-अप नको. नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, तेच हवेतलं पाणी ओढून बसलं की १५५ ला. लांब उतारावर सतत पाय दाबून ठेवला की ऑइल उकळतं, लाइनमध्ये वाफ होते आणि पॅडल खाली जातं. पॅड नवे आहेत म्हणून बेफिकीर राहू नका. उतार दुसऱ्या गिअरवर, फार तीव्र असेल तर पहिल्यावर. ब्रेक थोडा दाबा, सोडा. न्यूट्रल तर कधीच नको.

बीएस-६ डिझेलला डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगली की काजळी जळत नाही आणि दिवा लागतो. लागलाच तर सपाट रस्ता मिळताच २,००० आरपीएमच्या वर पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा. मध्येच इंजिन बंद करू नका. तिकडचं डिझेल इंडियन ऑइलकडूनच जातं, त्याची काळजी नको. टाकीच्या झाकणाजवळ निळं झाकण असेल तरच ॲडब्लू (धूर साफ करणारं युरियाचं पाणी) लागतं, मग दहा लिटरचा कॅन सोबत घ्या.

हवा: उंची वाढली की मीटर जास्त दाखवतो, थंडीने कमी दाखवतो, दोन्ही बऱ्यापैकी फिटतं. सकाळी थंड टायरवर कंपनीच्या आकड्याइतकी ठेवा. मुद्दाम कमी कराल तर खडीत साइडवॉल फाटेल. स्टेपनीत हवा, पंक्चर किट, कूलंट एक लिटर, फॅन बेल्ट, दोन फ्यूज, टो-दोर. टपावर कॅरिअर लावू नका, जोमसोमच्या वाऱ्यात त्रासच.

टिळकवाडीकर
सगळ्यांचे आभार. विमा आणि मुलाचं पत्र, दोन्ही डोक्यातच नव्हतं. आईला मुक्तिनाथचं दर्शन हवंय. पोखऱ्याहून एका दिवसात जाऊन येणं होईल?

निपाणी_घाटवाट
नाही. पोखरा आपल्या बेळगावएवढ्याच उंचीवर, ८०० मीटरच्या आसपास. मुक्तिनाथ ३,७०० च्या वर. एका दिवसात तेवढं चढलं तर डोकं दुखणं, उलटी, आणि वय ६८ असेल तर त्याहून वाईट. पहिला मुक्काम तातोपानी, दुसरा मार्फा किंवा जोमसोम, तिसऱ्या दिवशी सकाळी दर्शन आणि दुपारपर्यंत खाली. आईंना बीपी किंवा दम्याचं काही असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना उंचीचं सांगूनच विचारा. वर गेल्यावर धाप बसून राहूनही कमी होत नसेल तर औषध शोधत बसू नका, लगेच खाली आणा.

शहापूरकर
माझं मत थोडं वेगळं. गाडी पोखऱ्यात हॉटेलवर लावा आणि बेनीच्या वर तिथलीच जीप करा. ड्रायव्हरला रोजचा रस्ता माहीत असतो, कुठे रांग लागते तेही. आणि भावाच्या नावावरची, कर्जाची गाडी ओढ्यात घालायची जोखीम वाचते.

उद्यमबागचा मेस्त्री
याला माझी हो. तुमच्या गाडीत चौघं आणि सामान बसलं की मागचं सस्पेंशन दबणार, रुप्सेच्या दगडांत ऑइल चेंबर लागायची भीती. जायचंच ठरलं तर खाली इंजिन गार्ड आहे का ते आधी बघा. प्लास्टिकचा असेल तर तो चिखलापुरताच.