रशियनमध्ये 'सॉल्ट'ला नेमकं काय लिहायचं? मेनूकार्डाचा घोळ झालाय

शिरोडेकरीण:
आमचं शिरोड्याला छोटंसं होमस्टे आहे, थंडीत गोव्याकडून स्कूटरवर रशियन लोक जेवायला येतात म्हणून ॲपवर इंग्लिशवरून रशियन मेनूकार्ड केलं. काल एक बाई लिंबूसोड्यावर बोट ठेवून हसत सुटल्या, तिथे 'सॉल्ट'च्या जागी नुसतं 'सोल' छापलंय. वर सोलकढी बघून 'नो नो, सॉल्ट' म्हणाल्या नि घेतलीच नाही! डिक्शनरीत अर्थ ढीगभर, कुठला कुठे घालू? खारा बांगडा पण आहे कार्डात.

भाषाखोर:
अहो ताई, त्यांच्याकडे 'सोल' म्हणजेच मीठ, ल जरा मऊ, 'ल्य'कडे झुकणारा. सोलकढी त्यांनी 'मिठाची कढी' अशी वाचली असणार (आगळात, म्हणजे कोकमाच्या अर्कात, मीठ असतंच म्हणा). तिथे सरळ 'कोकम' लिहा. इंग्लिशमध्ये एकच सॉल्ट सगळीकडे चालतं, रशियनमध्ये मीठ 'सोल्य', खारट 'सल्योनी', मीठ घालणं 'सलीत्य'. सोड्याला 'स सोल्यू' लिहा, म्हणजे मीठ घालून, पदार्थाच्या शब्दाच्या लिंगाप्रमाणे 'सल्योनी'चं रूप बदलायची कटकट नाही. बांगडा 'सल्योनाया स्कुम्ब्रिया', पण हे नाव वाचून त्यांना मऊ ओला मासा डोळ्यासमोर येतो, तुमचा उन्हात कडक वाळवलेला असेल तर 'व्यालिनाया' लिहा, नाहीतर दात दाखवायला येतील 😄

दर्यावर्दी:
जहाजावर रशियन लोकांबरोबर काम केलंय. 'ओल्ड सॉल्ट' म्हणजे मुरलेला खलाशी, त्याला ते 'मर्स्कोय वोल्क' म्हणतात, समुद्री लांडगा! 1972 चा मॉस्कोतला सॉल्ट करार तर मिठाचा नव्हेच, ती अण्वस्त्रांवरच्या बोलण्यांची आद्याक्षरं, रशियनमध्ये 'ओएसवे'. जखमेवर मीठ मात्र तेही आपल्यासारखंच टाकतात. आणि माणूस ओळखायचा तर त्याच्यासोबत एक 'पूद' मीठ खावं लागतं म्हणे, पूद म्हणजे 16 किलोच्या वर. बल्लवाने भाजी खारट केली की आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) म्हणायचा, चला, ओळख वाढली.

गोळीवाला:
मेडिकलमध्ये आपण 'सॉल्ट तेच आहे, कंपनी वेगळी' म्हणतो ना, तिथे सॉल्ट म्हणजे औषधातला मूळ घटक, त्याला 'सोल्य' म्हणू नका. केमिस्ट्रीतल्या क्षाराला चालतं, एप्सम सॉल्टला तर ते 'इंग्लिश मीठ' म्हणतात.

शिरोडेकरीण:
बापरे, मला सोडा आणि बांगड्यापुरतंच हवं होतं 😂 कार्ड बदलते. आमचे हे म्हणतायत सोलकढीचं नाव बदलायचं नाही, खाली बारीक अक्षरात कोकम लिही.