डबल टेप नको, आधी भिंत तपासा

नवी मुंबईत घणसोलीच्या भाड्याच्या घरात खिळे न ठोकता फ्रेम कशा लावायच्या, असं इथे एकाने विचारलं, त्यावर कुणीतरी डबल टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी) सुचवलाय. कृपया नको. काढताना रंगासकट पुट्टीचा पापुद्रा निघतो आणि मालक डिपॉझिटमधून अख्ख्या भिंतीचा रंग वसूल करतो.

आधी भिंतीवर हात फिरवा. तळव्याला भुकटी लागली तर रंग साधं डिस्टेंपर आहे, त्यावर कुठलीच चिकटपट्टी धड टिकत नाही. प्लास्टिक इमल्शन (भुकटी न सुटणारा गुळगुळीत रंग) असेल तर कमांड स्ट्रिप, म्हणजे ओढून काढता येणाऱ्या चिकटपट्ट्या, चालतात. पाकिटावरची वजनाची मर्यादा मात्र पाळा. काढताना पट्टीचं शेपूट भिंतीलगत, सरळ खाली, सावकाश ओढा. रबरासारखी ताणत ताणत सुटते. स्वतःकडे खेचलीत की रंग गेलाच. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर काहीच लावू नका, कागदी चित्राला बुरशी धरते ते वेगळंच.

डिस्टेंपर असेल तर पडद्याचा रॉड आहेच. एस हुक आणि नायलॉनची दोरी घेतली की हलक्या फ्रेम छान लटकतात, जागा बदलायची तर हुक सरकवायचा. जड फ्रेम शोकेसवर टेकवून ठेवा. (घरात मांजर असेल तर विसरा.) मांडणी आधी जमिनीवर करून मोबाइलवर फोटो काढून बघा.