मदत हवी आहे: सिलिअ‍ॅक असलेल्या मुलीसाठी घरगुती चक्की घ्यावी का?

मुलगी ९ वर्षांची, बायोप्सीने निदान झालंय: गहू, जव यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने तिच्या आतड्याला इजा होते. १४ महिने गहू, रवा, मैदा, जव बंद. तवा, परात, पोळपाट तिचे वेगळे. बाजारातल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं हे उशिराच कळलं, आता तोही बदललाय. तरी टीटीजी (सिलिअ‍ॅकसाठीच्या रक्ततपासणीतला आकडा) म्हणावा तसा उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, कुठूनतरी गहू पोटात जातोय, शोधा.

माझा संशय गिरणीवर आहे. सकाळी पहिलं दळण आमचं लावलं, आधी किलोभर तांदूळ फिरवून घेतले. पण आदल्या दिवशीचं पीठ आत चिकटलेलं राहतंच, हवेत उडतं ते वेगळंच. पाकिटातलं ग्लुटेन-फ्री पीठ रोज परवडत नाही (आणि भाकरी थापताना चिरते!).

म्हणून नवी चक्की घ्यायचा विचार आहे. जुनी नको, तिच्यात गहू दळलेला असणारच. सासूबाईंच्या पोळ्यांचं पीठ बाहेरूनच येईल. महिन्याला ज्वारी ६ किलो, नाचणी २.

ज्यांच्याकडे अशी चक्की आहे त्यांनी सांगा: भाकरीइतकं बारीक पीठ येतं का? आणि ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात, ते नुसते निवडून भागतं, की ज्वारी धुऊन वाळवावीही लागते?