रब्बी (यहुदी धर्मगुरू) नसताना अभ्यासमंडळ कसं चालवायचं? (नागपूर)

धरमपेठकर:
नमस्कार मंडळी. बदलीच्या निमित्तानं नागपुरात आलेली आम्ही चार बेने इस्रायल (मराठी यहुदी) घरं आहोत, शिवाय यहुदी धर्माबद्दल वाचायची आवड असलेले काही इतर मित्र. सगळी मिळून बारा-पंधरा डोकी, त्यात मुलंही. शुक्रवारी संध्याकाळी जमून 'पिर्के आवोत' हे यहुदी ज्ञानी पुरुषांच्या वचनांचं पुस्तक वाचायचा विचार आहे. शिकवणारं कोणी नाही, हिब्रू जेमतेम वाचता येतं. मिनियान (सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष) जमत नाही, मग काय म्हणायचं आणि काय सोडायचं? वाचन म्हणजे एकट्याचं भाषण होऊ नये यासाठी काय करावं? आणि वर्गणी कोणाकडे ठेवावी? वेळा मुंबईच्या कॅलेंडरवरून घेतो आहोत.

शनवारतेली:
ते कॅलेंडर सण बघायला ठेवा, वेळेसाठी नको. नागपूर मुंबईच्या सहा अंश पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य तिथल्यापेक्षा साधारण २५ मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरात फरक थोडा वाढतो, जूनमध्ये कमी होतो. शब्बाथचे (शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनच्या विश्रांतीच्या दिवसाचे; त्यात आग पेटवणं, लिहिणं वर्ज्य) दिवे लावायचे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी. मुंबईची वेळ धरली तर तुमच्याकडे दर शुक्रवारी सूर्यास्त होऊन गेल्यावरच काडी ओढली जाईल. नागपूरचा सूर्यास्त बघा आणि त्यातून १८ वजा करा.

तेरा वर्षांवरचे दहा पुरुष नसतील तर कद्दिश, बारेखू, केदुशा या सामूहिक प्रार्थना आणि सेफेरमधून (हस्तलिखित गुंडाळीतून) तोरावाचन सोडायचं. स्तोत्रं, शेमा आणि आमीदा या प्रार्थना, किद्दुश (पेला हातात घेऊन म्हणायचा आशीर्वाद) हे सगळं चालतं. किद्दुशला आपलं काळ्या मनुकांचं सरबत आहेच: गुरुवारी रात्री भिजवा, शुक्रवारी कुस्करून फडक्यातून गाळा, पाणी बेतानं घाला आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा. मे महिन्यात ओट्यावर राहिलं तर संध्याकाळपर्यंत आंबतं. पेला किमान ८६ मिलिलिटरचा हवा. देवघरातली छोटी वाटी पुरत नाही.

आणि एकदा दिवे लागले की वर्गणी, हजेरी, टिपणं सगळं बंद. मुलांकडून काही लिहून वा रंगवून घ्यायचं असेल तर रविवार धरा.

बेथ_मिद्राश:
भाषण टाळायचं तर जोडीनं वाचा, म्हणजे हव्रुता. एका बैठकीला एकच मिश्ना (परिच्छेद), अख्खा अध्याय नाही. सव्वा तास धरला तर दहा मिनिटं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचन, पंचवीस-तीस मिनिटं जोड्या, उरलेला वेळ एकत्र चर्चा. जोडीत एकानं एक वाक्य वाचायचं, दुसऱ्यानं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं, पहिल्यानं शंका काढायची, मग अदलाबदल. कागदावर दोनच प्रश्न आधी छापून ठेवा: हे कोणाला उद्देशून म्हटलंय? याच्या उलट कोणी म्हणालं तर त्याच्याकडे काय मुद्दा असेल?

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. चालवणारा सुरुवातीलाच अर्थ सांगून टाकतो. मग जोड्यांना काही काम उरत नाही आणि क्रिकेट सुरू होतं. नवरा-बायकोची जोडी लावली की एकच जण बोलतो. आणि जाणकारांची वेगळी जोडी केली की बाकीचे गप्प बसतात. जाणकार विखरून बसवा.

सुरुवात पहिल्या अध्यायातल्या येहोशुआ बेन पेराह्याच्या वचनानं करा: स्वतःसाठी गुरू कर, सोबती जोड, प्रत्येकाला चांगल्या बाजूनं तोल. मग हिल्लेलचं 'समाजापासून वेगळा होऊ नकोस', मग चौथ्या अध्यायातला बेन झोमा: शहाणा कोण, तर जो प्रत्येकाकडून शिकतो तो. दुसऱ्या अध्यायातलं 'लाजणारा शिकत नाही, रागीट शिकवू शकत नाही' हे चालवणाऱ्यानं आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. कोणी चुकीचं वाचलं तर चारचौघांत दुरुस्त करू नका. चारचौघांत खाली मान घालायला लावणं तलमूदनं (रब्बींच्या चर्चांच्या प्राचीन ग्रंथानं) रक्त सांडण्याच्या पंक्तीला बसवलंय, आणि एकदा ओशाळलेला माणूस पुढच्या शुक्रवारी येत नाही.

पिर्के आवोत वाचायचा रिवाज म्हणाल तर पेसाह ते शावुओत या दोन सणांदरम्यानच्या सहा शब्बाथांना, दुपारी, एकेक अध्याय. नागपुरात तो काळ नवतपाकडे झुकणारा, तेव्हा भर दुपार सोडा आणि शनिवारी सूर्यास्ताच्या दीड तास आधी बसा.

हिशोबनीस:
वर्गणीचं उत्तर तलमूदच्या 'बावा बात्रा'त तयार आहे. त्सेदाका (दानाचा पैसा) गोळा करायला किमान दोघं, वाटायला तिघं. गोळा करताना दोघांनी एकमेकांना सोडून जायचं नाही. नाणी दोन-दोन करून नाही, एकेक मोजायची, बघणाऱ्याला शंका नको म्हणून. सुटे करायचे तर दुसऱ्या कोणाकडून, स्वतःच्या खिशातून नाही.

आजच्या भाषेत: एकाच्या खासगी खात्याचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकू नका. दोघांच्या सहीचं खातं काढा, खर्चाला तिसऱ्याची संमती घ्या. विश्वासू माणसाकडून हिशोब मागू नये असंही तिथेच आहे, पण रब्बी मोशे इस्सरलिस यांची शुल्हान आरुख या धर्मनियमांच्या ग्रंथावरची टीप सांगते की त्यानं आपणहून दिलेला बरा. मी टीपेच्या बाजूचा. दर महिन्याला चार ओळींचा हिशोब ग्रुपवर टाका.

प्रमुख नेमतानाही तलमूदच्याच 'बेराखोत'मधला नियम पाळा: समाजाला विचारल्याशिवाय त्याच्यावर कोणी नेमू नये. जो पहिल्यांदा चहा-नाश्त्याची सोय करतो तोच आपोआप अध्यक्ष होतो, आणि वर्षभरानं तोच वैतागून सोडतो. मुदत सहा महिन्यांची ठेवा.

धरमपेठकर:
मनापासून आभार. विषम संख्या आली तर? आणि छापील कागदांचं काय करायचं?

बेथ_मिद्राश:
तिघांचा एक गट करा. उरलेल्याला चालवणाऱ्याशी जोडू नका, नाहीतर तो बाकीच्यांकडे फिरूच शकणार नाही. देवाचं नाव हिब्रूत छापलेले कागद रद्दीत घालायचे नाहीत. एक खोकं ठेवा, भरलं की पुणे-मुंबईच्या सिनेगॉगमध्ये गेनिझासाठी (जुने पवित्र कागद ठेवायच्या जागेसाठी) पाठवा, ते कबरस्तानात पुरतात. त्याहून सोपं म्हणजे छापतानाच नाव संक्षेपात घ्या. हिब्रू देवनागरीत लिहिणार असाल तर 'ख़'खालचा नुक्ता झेरॉक्समध्ये उडतो, तेव्हा अक्षर मोठं ठेवा.